झिऱ्यावरचं टाकं

तांबोळी साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि धरणाच्या उतारावरच्या गवतात ते अनवाणी जाऊन उभे राहिले. मला हसू आलं. पाटबंधारे खात्याचा पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोक्यावर टक्कल, खांद्याला कातडी पिशवी, आणि उभा असा की जणू भात लावायला आलाय.

“सरपंचबाई, मार्गशीर्ष लागला,” ते म्हणाले. “सगळा उतार वाळून पिवळा पडलाय. मग एवढाच तुकडा हिरवागार कसा?”

“तळ्याची कृपा, साहेब. बायका इथलंच गवत कापून म्हशींना घालतात.”

“जरा पाय घालून बघा.”

मी चप्पल काढून पाय ठेवला, तर घोट्यापर्यंत आत गेला. खाली गार चिखल होता.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. आमच्या सावरखिंडीचं धरण म्हणजे दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा बांध. मोठ्या धरणांपुढं ते डबकंच, पण आमचा गहू-हरभरा त्याच्यावर आणि आमचं गाव बरोबर त्याच्या पायाशी. बाईसाठी जागा राखीव झाली तेव्हा पुढाऱ्यांनी मला उभी केली. नवरा एसटीत कंडक्टर, कायम बाहेर; बाई सही करेल आणि गप्प बसेल असा त्यांचा अंदाज. माझी जीभ त्यांनी धरलीच नव्हती अंदाजात.

साहेबांनी पिशवीतून काचेचा पेला काढला, गवतातून पाझरणाऱ्या पाण्याखाली धरला आणि बांधावर ठेवून दिला. आम्ही बोलत बसलो. थोड्या वेळानं त्यांनी पेला माझ्यापुढं केला. तळाला तांबूस माती बसली होती.

“धरण झिरपतं, त्याचं काही नाही. सगळीच मातीची धरणं झिरपतात. पण पाणी स्वच्छ यायला पाहिजे. हे माती घेऊन येतंय. म्हणजे धरण आतून चाललंय, कणाकणानं.”

खाली शाळेची कौलं दिसत होती. मधली सुट्टी झाली होती.

“पण यंदाच असं का?” मी विचारलं.

“तेच बघायचंय. पायथ्याला दगड-खडीची चर आहे. पोटातलं पाणी बाहेर काढायला मुद्दाम ठेवलेली असते. तिचं तोंड कुठंय?”

त्या तोंडालाच आम्ही झिरा म्हणायचो. बारमाही, चवीला गोड, उन्हाळ्यातही थंड. अख्खं गाव त्याचं पाणी प्यायचं. मी साहेबांना खाली घेऊन गेले आणि जरा अभिमानानंच दाखवलं, कारण झिऱ्यावर आता सुबक टाकं होतं. घडीव काळा दगड, घोटलेला गिलावा, पुढं पितळी तोटी. कपाळावर अक्षरं कोरलेली: ठकूबाई.

“कुणी बांधलं?”

“माझ्या सासऱ्यांनी. गेनू गवंडी. सासूबाई गेल्या त्यांच्या नावानं.”

साहेब टाक्याभोवती हळूहळू फिरले. दगडाच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. “काय काम आहे!” ते म्हणाले. “आणि चरीचं तोंड?”

“आतच. चारी बाजूंनी पक्कं बंद केलंय. एक थेंब वाया जात नाही. तोटी फिरवली की पाणी.”

साहेब तिथल्याच दगडावर बसले. मग म्हणाले, “बाई, तोटी बंद असली की ते पाणी कुठं जातं?”

मी उत्तर देणार होते. मग वर त्या हिरव्या तुकड्याकडं माझी नजर गेली. अडलेलं पाणी तिथून फुटत होतं.

“टाकं फोडावं लागेल,” साहेब म्हणाले. “नाहीतर मला धरणाची मोरी पूर्ण उघडून तळं रिकामं करावं लागेल. मग तुमचा गहू गेला. पण असंच ठेवून मी जाऊ शकत नाही. मला झोप लागायची नाही.”

“फोडा. उद्या जेसीबी मागवते.”

“जेसीबी नको. पायथा हादरला तर भलतंच व्हायचं. छिन्नी-हातोड्यानं, एकेक दगड काढायचा. मी सोमवारी वाळू आणि खडी घेऊन येतो, चर परत भरून देतो. तोवर मोरीतून थोडं पाणी उतरवतो. चांगला गवंडी तेवढा तुम्ही बघा.”

चांगला गवंडी! सावरखिंडीत गवंडी चार, आणि चौघंही माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले. संध्याकाळी मी सदाकडं गेले. तो त्यांचा सगळ्यात आवडता चेला. माझं ऐकून घेतलं आणि त्यानं दोन्ही कान धरले.

“वैनी, उपाशी ठेवा, पर हे सांगू नगा. गुरूच्या कामाला हातोडा लावायचा न्हाई. आमच्यात तसं चालत न्हाई.”

“अरे, धरण फुटलं तर तुझं घर पहिलं जाईल!”

“जाऊंद्या. परत बांधीन. हातच गेला तर काय करू?”

बाकीच्या तिघांनी तेच सांगितलं. एक तर म्हणाला, बाहेरगावचा आणलात तरी तो विचारणार, काम कुणाचं? गेनू गवंड्याचं म्हटलं की हत्यारं गुंडाळणार. तालुक्यात मामांचं नाव तसंच होतं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या.

गावात बातमी पोचायला कितीसा वेळ! दुसऱ्या दिवशी मी तोटीवर हंडा लावला, तर शेजारची शेवंता मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाली, “सून सरपंच झाली आन् सासूचं टाकं फोडाय निघाली.”

“शेवंताबाई,” मी म्हणाले, “तुमच्या म्हशीला हिरवं गवत कुठून मिळतंय ते कळलं तर तुम्ही स्वतः पहार घेऊन याल.” पण खरं सांगायचं तर ते वाक्य मला लागलं होतं. आत्यांनी मला कधी सुनेसारखं वागवलं नव्हतं. माहेरी जाताना त्या मला वेशीपर्यंत सोडायला यायच्या आणि मी दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहायच्या.

नवरा सुट्टीवर आला. त्याला म्हटलं, तुम्ही बोला मामांशी. त्यानं ताटातली भाकरी निम्मी ठेवली. “मी न्हाई बोलणार. सरपंच तू. आणि बापासमोर माझं तोंड उघडतंय कधी?” ते मात्र खरं होतं. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मध्ये मी एकटी.

आत्या गेल्यावर मामांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. रडले नाहीत, कुणापाशी नाव काढलं नाही. दिवसभर ओसरीवर बसून छिन्नीला धार लावायचे, काम नसलं तरी. मग शिमग्याच्या सुमाराला एक दिवस उठले, बैलगाडीतून खाणीचे दगड आणले आणि झिऱ्यावर कामाला लागले. उन्हाळाभर एकटे. कुणाला हात लावू दिला नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, माणूस मार्गी लागला. टाकं झालं त्या दिवशी त्यांनी तोटी फिरवून पाणी बघितलं, बंद केली, आणि घरी येऊन पुन्हा ओसरीवर बसले.

रविवारी जेवायला वाढताना मी सांगून टाकलं. आडपडदा न ठेवता, कारण मला तसंच येतं.

मामांनी घास खाली ठेवला. “गळतंय का कुठं?”

“नाही मामा.”

“चीर पडलीया?”

“नाही.”

“मंग? कामात खोट काय?”

“खोट नाही. तेच तर झालं. तिथून पाणी गळायला पाहिजे होतं. ते तोंड गळण्यासाठीच ठेवलेलं होतं.”

ते माझ्याकडं बघतच राहिले. ज्यानं उभा जन्म माळवदं आणि हौद गळू नयेत म्हणून घालवला, त्याला हे कसं पटणार? कुणी मला येऊन म्हणालं असतं की पोळी करपवायची असते, तर माझंही तोंड असंच झालं असतं.

“चला माझ्याबरोबर,” मी म्हणाले.

ते आले. धरणाच्या उतारावर मी त्यांना तो हिरवा तुकडा दाखवला. गुडघे टेकून खाली बसले आणि गवताच्या मुळाशी हात घातला. मनगटापर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांमधून तांबडं पाणी ओघळत होतं. ते दोन बोटांनी चोळून बघत राहिले, जसे वाळू घेताना चोळून बघायचे. मग वळून खाली टाक्याकडं बघितलं. टाक्यावरून नजर पुढं गेली, शाळेवर, घरांवर.

“माती हाय,” एवढंच म्हणाले.

“कुणाला ठाऊक होतं मामा?”

“मला ठाऊक पायजे हुतं. पानी कोंडलं की वाट काढतंच.”

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मी भाकरी झाकून ठेवली. सदा आला, ओसरीच्या कडेला बसला आणि उठून गेला.

सोमवारी साहेब आले. मागून ट्रॅक्टरमधून वाळू आणि खडी आली. तळ्याचं पाणी मोरीतून हातभर उतरवलं होतं. सगळी तयारी होती, नव्हता तो गवंडी. पदर खोचून पहार मी हातात घेतली, म्हटलं, होईल तसं होईल. साहेब घाबरून म्हणाले, “बाई, ते नाजूक काम आहे, दगड कुठला आधी काढायचा ते कळायला पाहिजे.”

तेवढ्यात मामा आले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नवा पटका, हातात हत्यारांची पिशवी. कामाच्या पहिल्या दिवशी जसे जायचे तसे. त्यांच्या मागं अंतर ठेवून चौघं चेले. झिऱ्यावर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या.

“मामा, तुम्ही नको,” मी म्हणाले.

“दुसऱ्यानं फोडल्यालं मला बघवायचं न्हाई,” ते म्हणाले. मग साहेबांना: “कुठनं सुरू करू?”

साहेबांनी दाखवलं. मामांनी पिशवीतून नारळ काढला, दगडावर फोडला. पाया खणताना फोडतात तसा. माझ्या माहितीत पाडताना कुणी नारळ फोडलेला नाही. मग छिन्नी लावली आणि सुतकी, त्यांचा घडाईचा हातोडा, उचलली.

काम किती पक्कं होतं ते मोडतानाच कळलं. एकेक सांधा ते हलक्या हातानं मोकळा करत होते, दगडाची कड उडू देत नव्हते. निघालेला दगड चेल्यांकडं द्यायचे, ते तो गवतावर नीट मांडून ठेवायचे. हातोडा लावायचा नव्हता, पण दगड झेलायला काय हरकत होती! नावाचा दगड निघाला तेव्हा सदानं तो दोन्ही हातांवर घेतला आणि उभाच राहिला. मामा म्हणाले, “ठेव खाली. पाठ धरंल.”

शेवटचा दगड हलला आणि पाणी आलं. तांबडं, जोरात, मामांच्या सदऱ्यावर, पटक्यावर. बायका ओरडल्या. साहेब ओरडले, “मागं व्हा!” मामा मागं झाले नाहीत. पाण्यात तसेच बसून राहिले. साहेब आणि चेले वाळू-खडीच्या पाट्या ओतत राहिले, थरावर थर. हळूहळू जोर कमी झाला. दुपार कलली तसा साहेबांनी पेला भरला, उन्हात धरला, मला दाखवला, मग मामांना. तळ दिसत होता.

“सुटलो,” साहेब म्हणाले. तोंडावरचा घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला आणि डोळेही पुसले. “गव्हाला पाणी मिळेल, बाई.”

लोक पांगले. मी घरून भाकरी-पिठलं घेऊन आले तेव्हा मामा एकटेच ओल्या कपड्यांनी बसले होते. पाणी मोकळं वाहत होतं, ओहळापर्यंत.

“जेवा मामा. कालपासून पोटात काही नाही.”

त्यांनी भाकरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. “तुला वाटलं आसंल, म्या नावासाठी बांधलं.”

मला तसंच वाटलं होतं.

“ती हितं पान्याला यायची. भर दुपारी, कामं उरकून. त्या वक्ताला हितं चिटपाखरू नसतं. भरल्याला हंडा भुईवरनं एकटीला डोक्यावर घेता येत न्हाई. कुणी उचलू लागाय यीस्तवर बसून ऱ्हायाची उन्हात. मला म्हनायची, आवो, एक ओटा बांधा हितं. हंडा ठिवायला. म्हंजे कुनाची वाट बघाय नगं.” ते थांबले. “म्या म्हनायचो, बांधू की. आज बांधू, उद्या बांधू. आर्ध्या तालुक्याच्या दारात ओटे बांधले. हिचा ऱ्हायला. ती परत परत मागनारी न्हवती. दोनदा-तीनदा म्हनाली, मंग गप बसली.”

त्यांचा चेहरा आक्रसला. वर्षभर कोंडलेलं रडू असं आलं की भाकरी हातातून पडली. मोठ्यानं, लहान पोरासारखं. सासऱ्याला सुनेनं हात लावायचा नसतो आमच्याकडं. मी लावला. पाठीवर हात ठेवून बसले आणि मीही रडले, आत्यांसाठी, त्या उन्हात बसलेल्या आत्यांसाठी.

टाक्याच्या तोटीखाली हंडा ठेवायला दगडी कड होती, ती मला नेहमी ठेंगणी पडायची. हंडा घेताना वाकावं लागायचं. एवढ्या हुशार गवंड्यानं हे कसं चुकवलं, असं वाटायचं. आत्या बुटक्या होत्या. माझ्या खांद्याइतक्या. ते आत्ता लक्षात आलं.

ते शांत झाल्यावर मी म्हणाले, “मामा, ओटा करा.”

“आता कुनासाठी?”

“कुणासाठी म्हणजे? मी नाही का येत पाण्याला? टाकं गेलं, आता रोज भुईवरनंच उचलायचं. माझी कंबर काय खात्यानं दिलीय दुरुस्त करून?”

ते माझ्याकडं बघत राहिले. रडता रडता त्यांच्या ओठाची एक कड हलली.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, सिमेंट नाही, चुना नाही, नुसता कोरडा रचीव दगड, आणि धरणाच्या पायथ्यापासून दूर, ओहळाच्या वळणावर. पाणी कुठंही अडता कामा नये. मामांनी ते दोनदा विचारून घेतलं.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. वळणावर टाक्याचेच दगड मांडून ठेवलेले होते. त्यांच्या हातात साधी बाभळीची काठी होती.

“हंडा भर,” ते म्हणाले. “डोक्यावर घे आन् उभी ऱ्हा.”

“कशाला?”

“माप घ्यायचंय. तुझं कंबरंचं तिच्यापरास निराळं आसंल.”

मी हंडा भरला. त्यांनी उचलू लागून डोक्यावर ठेवला. मग मी ताठ उभी राहिले आणि ते माझ्या शेजारी दोन हात अंतरावर काठी टेकवून, मान खाली घालून, डोळे बारीक करून मापत राहिले. नखानं काठीवर खूण केली. पुसली. पुन्हा केली.

“हंडा उतरवताना हात कुठवर येतो, दाखव. हळू.”

मी दाखवलं. त्यांनी खूण जरा वर घेतली.

“तिला कधी आशी उभी करून माप घेतलं न्हाई,” ते काठीकडं बघत म्हणाले. “ते टाकं म्या आठवून बांधलं. बरुबर आलं हुतं का न्हाई, कुनाला इचारू?”

हंडा जड झाला होता, मान अवघडली होती, कपाळावरून पाणी ओघळत होतं आणि त्यात डोळ्यांतलं कुठलं ते कळत नव्हतं.

“झालं,” मामा म्हणाले. “ठेव खाली.”

“नीट बघा मामा,” मी म्हणाले. “घाई करू नका. मी उभी आहे.”